ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात संवाद कसा घडवावा : मानव्यविद्येच्या नव्या प्राध्यापकांसाठी

महाविद्यालयात इतिहास, मराठी साहित्य, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकवायला नव्याने लागलेल्या, त्यातही तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाच्या पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट लक्षात येते. आपण बोलत असतो तेव्हा मुले वहीत उतरवून घेतात आणि आपण प्रश्न विचारला की माना खाली जातात. यावरून मुलांना बोलायचेच नसते, असा निष्कर्ष काढून बरेच जण पुन्हा व्याख्यानाकडे वळतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. बारावीपर्यंत ज्यांना प्रश्नाचे एकच छापील उत्तर असते असे शिकवले गेले, ती मुले आपले उत्तर छापील उत्तराशी जुळेल याची खात्री नसताना तोंड उघडत नाहीत, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही उघडले नसते.

संवादाधारित शिक्षणाचे फायदे सांगताना ‘वर्ग जिवंत होतो’, ‘मुलांना रस वाटतो’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे असले तरी मुख्य कारण वेगळे आहे. मानव्यविद्येत अभ्यासाचा विषय म्हणजे माणसांनी केलेली विधाने आणि कृती असतात. ते विधान कोणी केले, कोणाला उद्देशून केले, त्यामागे कोणता पुरावा होता, त्याच पुराव्यावरून दुसरे काही म्हणता आले असते का, हे तपासणे म्हणजेच त्या विषयाचा अभ्यास करणे होय. प्राध्यापकाने हे सगळे घरी तपासून वर्गात केवळ निष्कर्ष सांगितला, तर विद्यार्थ्याच्या हाती माहिती लागते, विषय मात्र लागत नाही. म्हणून संवाद ही व्याख्यानावर घालायची साखर नसून इतिहास किंवा साहित्य शिकण्याची ती मूळ रीत आहे, असे गृहीत धरूनच पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

उदाहरणासाठी एकच तास घेऊ. महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारने भारतातील शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या आयोगापुढे, सादर केलेले निवेदन पदवीच्या अनेक अभ्यासक्रमांत या ना त्या निमित्ताने येते. बहुतेक वर्गांत ते ‘फुल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली’ या एका वाक्यात संपते. ते संपू न देता पन्नास मिनिटे कसे चालवावे, हे पाहू.

आधी मजकूर निवडा, विषय नव्हे

‘फुल्यांचे शैक्षणिक विचार’ यावर चर्चा होऊ शकत नाही. त्यावर फक्त भाषणे होतात. चर्चा होते ती समोर ठेवलेल्या ठरावीक ओळींवर. म्हणून निवेदनातील एक पानभर उतारा निवडावा, त्याची झेरॉक्स काढावी आणि दोन विद्यार्थ्यांत एक याप्रमाणे वाटावी. मूळ निवेदन इंग्रजीत आहे. मराठी माध्यमाच्या वर्गात मराठी अनुवाद द्यावा, मात्र ओळींना क्रमांक घालावेत. हे क्रमांक क्षुल्लक वाटतात, पण ‘सातव्या ओळीत बघा’ असे म्हणता येणे आणि ‘त्यात कुठेतरी आहे’ असे म्हणावे लागणे यांत सगळ्या तासाचा फरक पडतो.

उतारा निवडताना त्यात सहज न सुटणारी गाठ असली पाहिजे. या निवेदनात ती आहे. शेतकरी आणि कष्टकरी वर्गाच्या करातून सरकारची तिजोरी भरते, पण त्या पैशाचा लाभ उच्च शिक्षण घेणाऱ्या मूठभर वरच्या वर्गांना होतो, अशी तक्रार फुले करतात. मुंबई इलाख्यातील जवळजवळ नऊ-दशांश गावांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नसल्याचे सांगितले जाते, याकडे ते लक्ष वेधतात आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी करतात. इतके वाचून कोणालाही वाटेल की, पुढची मागणी उच्च शिक्षणाचा खर्च कापण्याची असणार. परंतु देशाचे हित इच्छिणारा कोणीही सरकारने सध्या उच्च शिक्षणाची मदत काढून घ्यावी असे म्हणणार नाही, असेच फुले स्पष्टपणे नोंदवतात. ज्या वर्गाची उपेक्षा झाली त्याचीही तेवढीच काळजी वाहावी, एवढे त्यांचे म्हणणे आहे. उताऱ्यात हे दोन्ही भाग येतील अशी काळजी घ्यावी.

जे सांगायचेच आहे ते आदल्या तासाला सांगून टाका

संवादाच्या उत्साहात काही नवे प्राध्यापक व्याख्यानाला पापच समजू लागतात. ते चुकीचे आहे. १८१३ च्या सनदी कायद्यात शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद होती, १८५४ च्या वुडच्या खलित्याने (ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने) सामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी तत्त्वतः मान्य केली, १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, या गोष्टी विद्यार्थ्यांनी चर्चा करून शोधून काढाव्यात अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणे होय. या गोष्टी फळ्यावर लिहून वीस मिनिटांत सांगाव्यात. ज्याचे उत्तर पुस्तकात एका ओळीत आहे ते सांगावे आणि ज्याची उत्तरे दोन किंवा तीन होऊ शकतात तेच चर्चेला घ्यावे.

याच तासाला ब्रिटिश अधिकारी मेकॉलेच्या २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणाचीही ओळख करून द्यावी. आपल्या मर्यादित साधनांत सर्व जनतेला शिकवणे अशक्य आहे, म्हणून राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा एक वर्ग घडवावा आणि त्याच्यामार्फत ज्ञान खाली पोहोचू द्यावे, असा त्याचा युक्तिवाद होता. झिरपणीचा सिद्धान्त म्हणून आपण जे शिकवतो त्याचे हे प्रसिद्ध रूप. फुल्यांचे निवेदन त्यानंतर ४७ वर्षांनी आले, म्हणजे ज्ञान खरोखर झिरपले की नाही हे पाहण्याइतका काळ मध्ये गेला होता. ही गोष्ट आपण बोलून दाखवू नये. दोन्ही तारखा फळ्यावर शेजारीशेजारी लिहून ठेवाव्यात. वर्गात कोणीतरी वजाबाकी करते.

प्रश्न लिहून आणा

चांगला प्रश्न उभ्या उभ्या सुचत नाही. तासाला जाण्यापूर्वी तीन प्रश्न शब्दशः लिहून काढावेत. ‘फुल्यांचे योगदान काय?’ हा प्रश्न नसून निबंधाचे शीर्षक आहे. ‘निवेदन कोणत्या साली दिले?’ याला एकच उत्तर आहे. ‘तुम्हाला काय वाटते?’ हा प्रश्न दिसायला लोकशाहीचा आणि परिणामाने निष्फळ असतो, कारण मजकूर न वाचताही त्याचे उत्तर देता येते.

या उताऱ्यासाठी पहिला प्रश्न असा चालेल : ‘फुल्यांना सरकारने उच्च शिक्षणाचे काय करायला हवे आहे? ज्या ओळीवरून तुम्ही हे म्हणता ती ओळ दाखवा.’ दुसरा प्रश्न शिक्षकांविषयीचा. खेड्यातील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाज न वाटणारे असावेत, त्यांना दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा किंवा वीस रुपये असावा, असे निवेदनात आहे. येथे विचारावे : ‘शिक्षकाच्या हातात नांगर कशासाठी? या अटीने नेमके काय साधेल असे लेखकाला वाटते?’ तिसरा प्रश्न आयोगाच्या बाजूचा असावा : ‘तुम्ही आयोगाचे सदस्य असता तर या निवेदनातील कोणत्या मागणीला सगळ्यांत आधी हरकत घेतली असती, आणि फुल्यांच्या शब्दांत त्या हरकतीला उत्तर सापडते का?’ पन्नास मिनिटांत यांपैकी दोनच प्रश्न होतात. तिसरा राहिला तर राहू द्यावा.

पन्नास मिनिटांची वाटणी

आपल्याकडचे बाक जमिनीला खिळलेले असतात आणि वर्तुळात बसवण्याचा सल्ला देणाऱ्या पुस्तकांना ते ठाऊक नसते. अमेरिकेतील फिलिप्स एक्सेटर अकादमीत १९३० च्या सुमारास एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून अंडाकृती टेबलाभोवती बाराएक विद्यार्थ्यांना बसवून शिकवण्याची पद्धत सुरू झाली आणि ती जगभर गाजली. पण बारा विद्यार्थी आणि एक टेबल हे तिचे पायाभूत साहित्य आहे. ऐंशी विद्यार्थ्यांसाठी आपला मार्ग वेगळा. एक-आड-एक बाकावरच्या मुलांनी मागे वळून बसावे, म्हणजे चार-चार जणांचे गट खुर्ची न हलवता तयार होतात.

पहिली पाच मिनिटे उतारा मोठ्याने वाचण्यात जावीत. प्राध्यापकाने न वाचता तीन-चार विद्यार्थ्यांनी परिच्छेद वाटून घेऊन वाचावा. पुढची तीन मिनिटे पूर्ण शांतता ठेवून प्रत्येकाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत लिहावे. हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो आणि नेमका तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ज्याच्यापुढे काहीतरी लिहिलेले असते त्याला बोलताना निदान वाचून दाखवता येते. त्यानंतर सात-आठ मिनिटे चौघांच्या गटात बोलणे. एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे, मग सगळ्यांसमोर मांडणे हा क्रम अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडला. तो गाजण्याचे कारण एवढेच की, वर्गासमोर पहिल्यांदा बोलण्याआधी तेच वाक्य तिघांसमोर बोलून झालेले असते.

गटांत बोलणे चालू असताना प्राध्यापकाने व्यासपीठ सोडून बाकांमधून फिरावे, पण गटात शिरून समजावू लागू नये. ऐकावे आणि कोणत्या गटात काय निघाले आहे हे लक्षात ठेवावे. मग पंचवीस मिनिटे संपूर्ण वर्गाची चर्चा आणि उरलेल्या वेळात लेखन.

चर्चा चालू असताना

पहिली कसोटी प्रश्न विचारल्यानंतरच्या शांततेची असते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि लगेच स्वतः उत्तर देतात किंवा प्रश्न दुसऱ्याकडे सरकवतात. ही वाट पाहण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली तरी उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद वाचायला क्षुल्लक वाटतात. ऐंशी जोडी डोळ्यांसमोर ते फार लांब असतात. मनात आकडे मोजावेत, खिडकीबाहेर पाहावे, फळा पुसावा, पण बोलू नये.

उत्तर आल्यावर ‘बरोबर’ किंवा ‘शाब्बास’ म्हणण्याचा मोह आवरावा, कारण त्या एका शब्दाने चर्चा संपते. बाकीच्यांना उत्तर मिळालेले असते. त्याऐवजी उत्तर मजकुराकडे परत पाठवावे. हे कसे चालते ते दाखवणारा एक नमुना पाहा.

‘सर, म्हणजे फुल्यांना कॉलेजं नकोच होती.’

‘हे तुला कुठल्या ओळीवरून वाटलं?’

‘चौथ्या. शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या लोकांची मुलं शिकतात, असं म्हणतात ना ते.’

येथे प्राध्यापकाने थांबावे. बहुधा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, ‘पण सर, अकराव्या ओळीत मदत काढून घेऊ नका असं लिहिलंय.’ आता पहिल्या मुलाकडे वळून, ‘हे ऐकून तुझं काय म्हणणं?’ एवढेच विचारावे. तो बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्ती करतो : ‘म्हणजे बंद करू नका, पण आमच्याकडे पण तेवढंच बघा.’ निवेदनाचा गाभा त्याने स्वतःच्या शब्दांत मांडलेला असतो, आणि कोणाचेही उत्तर चूक ठरलेले नसते.

यातील ‘पण’ आणि ‘तेवढंच’ ही बोलण्याची भाषा आहे, आणि ती तशीच राहू द्यावी. खानदेशातून, वऱ्हाडातून किंवा मालवणातून आलेल्या विद्यार्थ्याला आपल्या बोलीवरून हसे होण्याची भीती प्रश्नाच्या भीतीपेक्षा मोठी असते. चर्चेच्या वेळी ‘न’ आणि ‘ण’ सुधारत बसणारा प्राध्यापक शुद्धलेखन वाचवतो आणि विद्यार्थी गमावतो. प्रमाण भाषेची अपेक्षा लेखनात ठेवावी, तीही चर्चा संपल्यानंतर.

कोण बोलते याचा हिशेब ठेवणे हे प्राध्यापकाचे काम आहे. बैठक-व्यवस्थेचा कच्चा आराखडा वहीत काढून बोलणाऱ्याच्या जागी एक टिंब द्यावे. तास संपल्यावर पाहिले तर बहुतेक टिंबे पुढच्या दोन रांगांत आणि मुलांच्या बाजूला सापडतील. पुढच्या तासाला मुलींच्या बाजूच्या गटांपासून सुरुवात करावी, आणि ‘कोणी सांगेल का?’ असे न विचारता ‘तुमच्या गटात काय निघालं?’ असे विचारावे, म्हणजे उत्तर एकीच्या अंगावर येत नाही.

फुल्यांच्या निवेदनावर बोलताना जातीचा विषय निघतो आणि निघायलाच हवा, कारण ब्राह्मण शिक्षक धार्मिक समजुतींमुळे खालच्या मानल्या गेलेल्या वर्गांपासून दूर राहतात असे ते थेट लिहितात. अशा वेळी एकच नियम कडकपणे पाळावा : कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या जातीचा प्रतिनिधी म्हणून बोलायला लावू नये. ‘तुमच्याकडे कसं होतं?’ हा प्रश्न कितीही सद्‌हेतूने विचारला तरी तो त्या मुलाला भर वर्गात उघडा करतो. तो स्वतःहून बोलला तर त्याचे म्हणणे पुरावा म्हणून आदराने घ्यावे आणि पुन्हा उताऱ्याकडे यावे. चर्चा भडकू लागली तर तिला आवर घालणारा शब्दही तोच असतो : ‘ओळ दाखवा.’

वादविवाद स्पर्धेपासून सावध

महाराष्ट्रात वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची मोठी परंपरा आहे आणि वर्गात सहभाग वाढवायचा म्हटले की, पहिली कल्पना सुचते ती ‘पक्ष आणि प्रतिपक्ष’ करण्याची. माझे स्पष्ट मत असे की, मानव्यविद्येच्या वर्गात ही कल्पना शेवटी वापरावी, सुरुवातीला नाही. स्पर्धेत आपली बाजू आधीच ठरलेली असते, त्यामुळे मत बदलणे म्हणजे हरणे ठरते. वर दाखवलेल्या नमुन्यातील मुलाने दोन वाक्यांत आपले मत बदलले; स्पर्धेत त्याला तसे करण्याची मुभाच नसती. शिवाय स्पर्धेत चार तरबेज वक्ते बोलतात आणि शहात्तर जण टाळ्या वाजवतात.

त्यापेक्षा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांची तुकड्या जोडण्याची पद्धत उपयोगी आहे. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात, गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात प्रथमच आली असताना आणि त्यांच्यात तणाव असताना त्यांनी ती तयार केली. प्रत्येकाकडे धड्याचा एक भाग आणि दुसऱ्याकडून ऐकल्याखेरीज धडा पुरा होत नाही, अशी तिची रचना आहे. आपल्या उदाहरणात अर्ध्या वर्गाला मेकॉले आणि अर्ध्याला फुले द्यावेत आणि पुढच्या तासाला दोन-दोन विद्यार्थी मिसळून गट करावेत. मात्र सत्राच्या पहिल्या महिन्यात हे करू नये; गटात बोलायची सवय लागण्यापूर्वी केले तर गोंधळाशिवाय हाती काही लागत नाही.

ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते आणि ते योग्यच आहे. १९६३ मध्ये अँजिकोस या गावात त्यांच्या गटाने सुमारे ३०० प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवले ते त्यांच्याच रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन. पुढच्याच वर्षी लष्करी सत्तांतर झाले आणि ते काम थांबवले गेले. आपल्यासाठी त्यातली घेण्याजोगी गोष्ट म्हणजे प्रवेशाचा शब्द, म्हणजे ज्या ओळखीच्या शब्दातून मजकुरात शिरता येते तो. फुल्यांच्या उताऱ्यात तो शब्द ‘कर’ किंवा ‘शेतसारा’ असू शकतो. ग्रामीण महाविद्यालयात त्या शब्दाभोवती मुलांकडे पुस्तकात नसलेली माहिती असते आणि ती चर्चेत आली की उतारा जवळचा होतो.

परीक्षेचे काय?

‘सर, हे पेपरात येणार आहे का?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल आणि त्याची टर उडवू नये. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत आले आहे, त्यांच्यासाठी गुण हा चैनीचा विषय नाही. म्हणूनच शेवटची नऊ-दहा मिनिटे लेखनाला राखलेली आहेत. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत येतो त्या धाटणीचा प्रश्न फळ्यावर लिहावा, उदाहरणार्थ ‘हंटर आयोगापुढील फुल्यांच्या निवेदनाचे महत्त्व स्पष्ट करा’, आणि नुकत्याच झालेल्या चर्चेतील निदान दोन मुद्दे ओळींच्या आधारासह घेऊन एक परिच्छेद लिहायला सांगावा. गाईडमधून पाठ केलेल्या परिच्छेदात आणि या परिच्छेदात काय फरक आहे, हे विद्यार्थ्यांना एक-दोन आठवड्यांत स्वतःच दिसू लागते. अंतर्गत मूल्यमापनाचे काही गुण या परिच्छेदांना देता आले तर द्यावेत. बोलण्याला मात्र गुण देऊ नयेत, कारण तसे केले की बोलके विद्यार्थी गुणांसाठी अधिक बोलतात आणि अबोल विद्यार्थी शिक्षा भोगत बसतात.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या निकषांत सहभागी अध्ययनाचा उल्लेख असल्यामुळे अशा तासाचे छायाचित्र आणि अहवाल विभागाला हवा असतो. तो द्यावा, पण छायाचित्र तास संपल्यावर काढावे. कॅमेरा आला की मुले चर्चा करताना दिसण्याचा अभिनय करू लागतात.

तासानंतर

जमा केलेले परिच्छेद त्याच संध्याकाळी चाळावेत. तपासायचे नाहीत, फक्त वाचून तीन गठ्ठ्यांत लावायचे : ओळीच्या आधाराने लिहिलेले, मत आहे पण आधार नाही असे, आणि केवळ गाईडची भाषा असलेले. ऐंशी चिठ्ठ्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. पहिल्या गठ्ठ्यातून एकमेकांशी न जुळणारे दोन परिच्छेद काढून ठेवावेत आणि पुढच्या तासाची सुरुवात, नावे न सांगता, ते दोन्ही वाचून आणि ‘यांतला कोणता परिच्छेद मजकुराला अधिक धरून आहे?’ असे विचारून करावी.